कागदावर नसलेली वस्ती

वाचकांच्या इतिहासविषयक प्रश्नांना या वेळी उत्तरं देताहेत बेळगावच्या एक निवृत्त प्राध्यापिका. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या वसाहतकाळावर त्यांनी मेलबर्नमध्ये पीएच.डी. केली. पुढं पंचवीस वर्षं बेळगावात शिकवत असतानाच त्या खानापूरच्या रानातल्या वस्त्यांचा इतिहास गोळा करत राहिल्या. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत. — संपादक

बाई, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. इतिहास घेऊन पुढं शिकते म्हटलं की घरी म्हणतात, राजांच्या तारखा पाठ करून पोट भरतंय होय? आणि इथली मुलगी ऑस्ट्रेलियाच्या मूळ लोकांपर्यंत पोचली कशी, हेही ऐकायचं आहे. — एक विद्यार्थिनी, ता. खानापूर

अगं, नंदगडला गेली असशील तर संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीवरचा वड तू बघितला असशील. मूल व्हावं म्हणून बायका त्याला पाळणे बांधतात. मी सहा वर्षांची असताना आजीनं मला तिथं नेलं होतं. मराठी बोलणारी, शाळेचं तोंड न बघितलेली बाई ती. कित्तूरच्या राणीचा हा शिपाई कानडी की मराठी, असला प्रश्न तिच्या मनातही आला नाही. "इंग्रजानं ह्याला टांगलं, आणि ह्याच्या माणसानं हितं वड लावला," एवढंच तिनं मला सांगितलं. साल तिला ठाऊक नव्हतं. ते मला कॉलेजात कळलं. २६ जानेवारी १८३१.

धारवाडला एम.ए. करताना आमच्या सरांनी मला एक जाडजूड अहवाल वाचायला दिला. ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीचा, १८३७ सालचा. साम्राज्यातल्या मूळ रहिवाशांचे काय हाल चाललेत, याची चौकशी त्या समितीनं केली होती. त्या चौकशीच्या पाठोपाठ १८३८ मध्ये आजच्या मेलबर्नच्या भागात 'मूळ रहिवाशांचा संरक्षक' अशी सरकारी जागाच निर्माण झाली. जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन हा मुख्य संरक्षक. त्या शब्दापाशी मी अडखळले. आमच्या गावाच्या रानात राखणदार होता, आणि आजीच्या हातातली कोयती काढून घेणारा तोच. कोणाला कोणापासून राखायचं, हे कोण ठरवतं? रायण्णाला टांगून सात वर्षं झाली होती, आणि त्याच साम्राज्याचं सरकार जगाच्या दुसऱ्या टोकाला राखणदार नेमत होतं. मला दोन्ही टोकं एकत्र बघायची होती.

१९८४ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची, लग्न मोडून घरी परत आलेली. गावात बोलणं व्हायचंच. वडिलांनी मात्र मिरजेपर्यंत सोबत केली, तिथं गाडी बदलून मी मुंबई गाठली. मेलबर्नच्या दफ्तरखान्यात चार वर्षं मी कोरांडर्क या एका वसाहतीचे कागद वाचले. १८६३ साली कुलिन लोकांनी यारा नदीच्या खोऱ्यात ती वसवली. सायमन वोंगा आणि विल्यम बराक हे त्यांचे पुढारी. त्यांनी शेती केली, बिअरला लागणाऱ्या हॉप्सचं पीक घेतलं, चांगला भाव मिळवला. जमीन कसदार आहे हे दिसल्यावर ती दुसऱ्यांच्या डोळ्यांवर आली. वसाहत हलवायच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा ही माणसं अर्ज लिहून साठेक किलोमीटर चालत मेलबर्नला मंत्र्यांना भेटायला जात. बराकला स्वतःला लिहिता येत नव्हतं, तो सांगे आणि वस्तीतला लिहिता येणारा लिहून घेई. १८८१ मध्ये चौकशी बसली आणि त्या लोकांच्या जबान्या त्यांच्या शब्दांत छापल्या गेल्या. त्या जबान्या वाचताना मी पहिल्यांदा दफ्तरखान्यात रडले. आपल्याकडच्या अर्जदारांची भाषाच होती ती. आमची मेहनत आहे, आम्हाला इथंच राहू द्या, आमचा जुना माणूस, म्हणजे वसाहतीचा आधीचा व्यवस्थापक, आम्हाला परत द्या.

पुढं १८८६ चा कायदा आला. मिश्र रक्ताच्या आणि चौतीस वर्षांखालच्या माणसांना अशा वसाहतींतून बाहेर काढायचं, असा तो कायदा. घरटी तरणीताठी माणसं गेली, शेती बसली, आणि १९२४ मध्ये वसाहत बंद झाली.

२६ जानेवारी १९८८ ला मी रात्रीच्या गाडीनं सिडनीला पोचले. इंग्रजांचं पहिलं आरमार तिथं उतरल्याला दोनशे वर्षं झाली होती. एकीकडं बंदरात उत्सव आणि दुसरीकडं चाळीस हजारांहून जास्त माणसांचा मोर्चा. घरी प्रजासत्ताक दिन, नंदगडला रायण्णाची पुण्यतिथी, आणि मी त्या मोर्चात एका अनोळखी आजीचा हात धरून चालत होते. माझ्या आयुष्यातला तो एक दिवस मी अजून पूर्ण लिहून काढलेला नाही.

आता तुझ्या पोटाचा प्रश्न. घरच्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. परत आल्यावर तीन वर्षं मी तासावर शिकवलं, वडिलांच्या पेन्शनीवर जगले. आजही कॉलेजांतून अतिथी व्याख्यात्यांवरच बरंच काम भागवतात. तेव्हा नेट किंवा कर्नाटकाची सेट दे, बी.एड.ची वाट बंद करू नकोस. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तीन गोष्टी आत्ताच शिकायला घे. कन्नड नुसतं बोलायला नको, हातानं लिहिलेलं वाचता आलं पाहिजे. मोडी शीक. आणि इंग्रजी अशी शीक की दीडशे वर्षांपूर्वीच्या साहेबाचं पत्र वाचून तो काय टाळतोय ते कळावं. आपला जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, म्हणून जुने कागद मुंबईच्या दफ्तरखान्यात आहेत. पुढचे बंगळूरला. एकाच गावाचा इतिहास लिहायला दोन राजधान्या आणि तीन लिप्या लागतात. तुझ्या तालुक्यातल्या मुलीला त्यातल्या दोन भाषा अंगणातच मिळतात, हे पुण्या-मुंबईच्या संशोधकाला विकत घेता येत नाही.

मॅडम, गवळी-धनगर म्हाताऱ्यांच्या आठवणींना तुम्ही पुरावा मानता. आठवण बदलते, कागद बदलत नाही. मग इतिहास आणि पारावरच्या गप्पा यांत फरक तो काय? — निवृत्त शिक्षक, निपाणी

गुरुजी, तुमचा प्रश्न मी स्वतःला तीस वर्षं विचारतेय, म्हणून उत्तर जरा लांबेल.

कागद बदलत नाही हे खरं. पण कागदावर कोणाला येऊ दिलं, हे आधी बघावं लागतं. १० जून १८३८ ला न्यू साउथ वेल्समध्ये मायॉल क्रीकला गुरं राखणाऱ्या गोऱ्यांनी निदान अठ्ठावीस मूळ रहिवाशांना दोरीनं बांधून नेलं आणि मारलं. बहुतेक बायका, पोरं आणि म्हातारे. त्याच वस्तीवर काम करणारा डेव्ही, त्याचं स्वतःच्या भाषेतलं नाव यिंतायिंतिन, हा मागोमाग गेला होता, त्यानं बघितलं होतं. पण तो ख्रिस्ती नाही, म्हणजे त्याला शपथ घेता येत नाही, म्हणजे त्याची साक्ष चालत नाही. पहिल्या खटल्यात अकराही जण सुटले. पुन्हा खटला उभा राहिला, एका गोऱ्या झोपडीराखणदाराची साक्ष कामी आली आणि सात जणांना फाशी झाली. ज्यानं पाहिलं त्याचा शब्द कोर्टाच्या कागदावर नाहीच. त्या वसाहतीत मूळ रहिवाशांची साक्ष ग्राह्य धरणारा कायदा व्हायला १८७६ उजाडलं. आता तुम्हीच सांगा, १८७६ च्या आधीच्या कोर्टाच्या दफ्तरात त्यांचं म्हणणं सापडत नाही, यावरून ते गप्प होते असं मी लिहू का?

दुसरी गोष्ट योर्ता योर्ता लोकांची. मरे नदीकाठच्या आपल्या जमिनीवर त्यांनी हक्क सांगितला. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी कोर्टात साक्षी दिल्या. १९९८ मध्ये न्यायाधीशांनी त्या साक्षींपेक्षा एडवर्ड कर या मेंढपाळ जमीनदाराच्या पुस्तकाला जास्त वजन दिलं आणि दावा फेटाळला. २००२ मध्ये वरच्या कोर्टानंही तेच कायम केलं. हा कर त्या भागात राहिला १८४० च्या दशकात आणि त्याचं पुस्तक निघालं १८८३ मध्ये. म्हणजे गुरुजी, तो 'कागद' सुद्धा साठीतल्या एका माणसाची तीस-चाळीस वर्षांपूर्वीची आठवणच होती. ती छापून आली आणि दुसऱ्यांची आली नाही. हा निकाल मी बेळगावात माझ्या वर्गात वाचून दाखवला तेव्हा माझा आवाज चढला होता, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

आता आपल्या भागाकडं या. १८५७ च्या नोव्हेंबरात मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी हत्यारं द्यायला नकार दिला आणि फौज गावावर चालून आली. त्यावर कन्नडात लावणी आहे. ती छापली कोणी? जे. एफ. फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्यानं, १८८५ च्या सुमाराला, एका संशोधनपत्रिकेत. जडग, बाळ, हनुम, राम ही लढणाऱ्यांची नावं त्या लावणीत आहेतच. पण माझं लक्ष गेलं ते लुटीच्या यादीकडं. शिपायांनी घराघरांतून काय नेलं? कुऱ्हाडी, लोखंड, दही, लोणी, मीठ, हळद, जिरं, मंगळसूत्र, जातं. फौजेच्या अहवालात कधी जिरं बघितलंय का तुम्ही? ती यादी करणाऱ्या माणसाला चूल म्हणजे काय ते ठाऊक होतं.

तरीही तुमची शंका मी झटकत नाही. आठवण तपासावी लागते, कागद तपासतो तितकीच. आमच्याकडची म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, खूण सांगतात. "मानमोडीच्या साली सासूबाई लगीन होऊन आल्या," म्हणजे १९१८. "गांधीबाबा बेळगावात आला तवा," म्हणजे १९२४ चं डिसेंबर, काँग्रेसचं अधिवेशन. या खुणांवर मी पिढ्या मोजते. एकमेकांशी सोयरीक नसलेल्या दोन घरांत वेगवेगळं विचारते. नंतर जागेवर जाऊन जोतं, विहीर, देवाचा दगड बघते. आणि शेवटी हे सांगण्यात सांगणाऱ्याचा काय फायदा आहे, तेही मनात धरते.

हे सगळं मी न करता एकदा लिहून बसले होते. एका आजोबांनी सांगितलं की त्यांच्या आज्यानं रायण्णाची फाशी डोळ्यांनी बघितली. मला ते इतकं भावलं की तसंच छापलं. एका वाचकानं पोस्टकार्डावर नुसता हिशोब लिहून पाठवला. आजोबांचा जन्म १९१० चा. आज्याचं वय काढलं तर फाशीच्या वेळी तो जन्मलेलाच नव्हता. मी पुढच्या अंकात दुरुस्ती दिली. पुन्हा त्या वाड्यावर गेले, तेव्हा कळलं की त्यांच्यात 'आजा' हा शब्द आजोबांच्या वडिलांना आणि त्यांच्याही वडिलांना लावतात. आजोबा खोटं बोलले नव्हते. मी नीट विचारलं नव्हतं.

ऑस्ट्रेलियात तर तळटीपांवरून युद्ध झालं. २००२ मध्ये कीथ विंडशटल यांनी आरोप केला की तिथल्या इतिहासकारांनी कत्तली फुगवून सांगितल्या. लिंडल रायन यांच्या तळटीपांवर त्यांचा मोठा रोख होता. टास्मानियात त्रुगानिनी १८७६ मध्ये वारली की तिथले मूळ लोक संपले, असं पिढ्यान्पिढ्या शिकवलं जाई, आणि ते लोक संपलेले नाहीत हे ठासून मांडणाऱ्यांत या बाई होत्या. आरोप झाल्यावर त्या कामाला लागल्या. न्यूकॅसल विद्यापीठात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कत्तलींचा नकाशा तयार केला, २०१७ पासून तो सगळ्यांना बघता येतो. स्वतःचा बचाव करू न शकणारी सहा किंवा जास्त माणसं मारली गेली असतील तरच नोंद, आणि प्रत्येक जागेपुढं पुरावा काय आणि किती पक्का ते लिहिलेलं. २०२४ मध्ये त्या वारल्या. माझ्या टेबलावर त्या नकाशातल्या एका पानाची छापील प्रत आहे. संशय घेणाऱ्याला असं उत्तर द्यायचं असतं, हे मी त्यांच्याकडं बघून शिकले.

आजेसासऱ्यांची ट्रंक निघाली, आत मोडीतले कागद आहेत. काहींना वाळवी लागली आहे. घरातले रद्दीत घाला म्हणतात. काय करू? — गृहिणी, शहापूर, बेळगाव

ताई, आजच्या आज ट्रंकेतून काढा, पण उन्हात वाळवू नका. सावलीत पसरा, मऊ ब्रशनं माती झाडा, वाळवीचे कागद वेगळे ठेवा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये बंद करून घेऊ नका, दोन्हीनं कागद मरतो. कागद ज्या क्रमानं बांधलेले आहेत तो क्रम मोडू नका, आधी तसेच फोटो काढा. मग धुतलेल्या मलमलीच्या फडक्यात बांधून कोरड्या कपाटात ठेवा. पूर्वी वेखंडाची पुरचुंडी ठेवत, तीही चालेल. मोडी वाचणारा मिळेपर्यंत कोणालाही मूळ कागद देऊ नका, फोटो द्या. आणि घरातल्यांना सांगा, माझ्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा कागद मला ना मुंबईत मिळाला ना मेलबर्नला. तो आमच्याच घराच्या माळ्यावर होता. त्याबद्दल खाली लिहिलंच आहे.

ऑस्ट्रेलियातल्या मूळ लोकांना मराठीत 'आदिवासी' म्हणावं का? — वाचक, चिकोडी

मी 'मूळ रहिवासी' लिहिते. 'आदिवासी' या शब्दाला आपल्याकडं स्वतःचा लढ्याचा इतिहास आहे, आणि अनुसूचित जमातींच्या यादीचाही संदर्भ त्याला चिकटलेला आहे. तो तिकडं नेला की अर्थ सांडतो. शक्य असेल तिथं समाजाचं नावच घ्यावं. वुरुंडजेरी, योर्ता योर्ता, मेरियम. इंग्रज आले तेव्हा तिथं अडीचशेहून जास्त भाषा होत्या. एवढ्यांना एका शब्दात बांधणं ही कारकुनाची सोय होती.

तुम्ही सीमाभागातल्या. आपलाच प्रश्न १९५६ पासून लोंबकळत पडलाय. आपली माणसं, आपली भाषा सोडून परक्या देशातल्या लोकांचा इतिहास कशाला उगाळत बसलात? रागावू नका, मनातलं विचारतोय. — येळ्ळूरहून एक वाचक

दादा, रागावत नाही. माझे वडील मराठी शाळेत मास्तर होते. १ नोव्हेंबर १९५६ नंतर घरी येणारा उतारा, नोटीस, कराची पावती हळूहळू त्यांना वाचता न येणाऱ्या लिपीत येऊ लागली. पन्नाशीतला शिकलेला माणूस शेजारच्या पोराला हाक मारून "हे काय लिहिलंय बघ रे" म्हणायचा, ते मी बघितलंय. स्वतःबद्दलचा कागद स्वतःला वाचता न येणं म्हणजे काय, ते मला कोरांडर्कच्या आधी आमच्या सोप्यावर कळलं. त्या अर्थानं मी आपलं सोडून गेलेच नाही.

पण दोन्ही दुःखं एका मापाची आहेत असं मी म्हणणार नाही. आपल्याकडून कचेरीची भाषा गेली. त्यांच्याकडून जमीन गेली, आणि मुलंसुद्धा आयांच्या कुशीतून सरकारनं नेली. तिथल्या सरकारी चौकशीचा १९९७ चा अहवाल सांगतो की १९१० ते १९७० या काळात तीनातल्या एका ते दहातल्या एका मुलाला असं नेलं गेलं. हे आकडे वाचल्यावर मी 'आपल्यासारखंच' हा शब्द वापरणं सोडलं.

आणि तुम्ही 'आपली माणसं' म्हणालात, म्हणून माळ्यावरच्या कागदाचं सांगते. आजोबा गावचे पाटील. १९९६ मध्ये घराचं छप्पर उतरवताना त्यांचं बाड सापडलं. त्यात १९२२ सालचा एक मोडी पंचनामा होता. गावाच्या पश्चिमेचं रान राखीव करण्यासाठी वनखात्याकडून माणसं आली होती. खाली आजोबांची सही, त्यावर मजकूर असा, की सदर रानात कोणाची वस्ती अगर वहिवाट नाही.

मी तो तीनदा वाचला. कारण त्याच रानातल्या गवळीवाड्यावरनं आमच्या घरी तूप यायचं. आजी सांगायची, दसऱ्याच्या आधी धनगरीण डोईवर लोटकं घेऊन यायची आणि बदल्यात तांदूळ न्यायची. आजीचं लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून हे चाललेलं. एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोघांपैकी एकाच्या बोलण्यात तिथं माणसं होती आणि दुसऱ्याच्या सहीत नव्हती.

आजोबा वाईट नव्हते. साहेबाचा तळ गावात पडला की पाटलावर काय दडपण येत असेल ते मी समजू शकते. शिवाय गवळी पावसाळ्यात जागा बदलायचे, कुडाची घरं मोडून दुसरीकडं बांधायचे, त्यामुळं पाटलाच्या लेखी ती 'वस्ती' धरली जात नसावी. पण हाच विचार ऑस्ट्रेलियात एका अख्ख्या खंडाबद्दल झाला. फिरणाऱ्या माणसांची जमीन कोणाचीच नाही, हे धरून इंग्रजांनी कोणाशी करार न करता ती घेतली. एडी माबो आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या मरे बेटावरचे आणखी काही मेरियम लोक १९८२ मध्ये कोर्टात गेले. आमच्या बागांच्या हद्दी आमच्या बापजाद्यांपासून ठरलेल्या आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. ३ जून १९९२ ला सर्वोच्च कोर्टानं सहा विरुद्ध एक मतानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, आणि ही जमीन बेवारस होती हा दोनशे वर्षांचा समज कायद्यानं मोडीत निघाला. माबो जानेवारीतच गेला होता. त्याला निकाल ऐकता आला नाही.

पंचनाम्यावर मी लेख लिहिला तेव्हा माझ्या भावानं सहा महिने माझ्याशी बोलणं टाकलं. "घरच्यांची लक्तरं वेशीवर टांगलीस," म्हणाला. मला त्याचं दुःख कळत होतं. पण मेलबर्नमध्ये मी परक्यांच्या आजोबांच्या सह्या वाचल्या, त्यांच्यावर प्रबंध लिहिला, पदवी घेतली. स्वतःच्या आजोबांच्या सहीपाशी आल्यावर डोळे मिटून घेतले असते तर ती पदवी मला परत करावी लागली असती. सीमाभागातल्या मराठी माणसावर अन्याय झाला असं मी म्हणते, आणि सीमाभागातल्या मराठी पाटलाच्या सहीनं गवळ्यांवर अन्याय झाला असंही म्हणते. दुसरं म्हणताना आवाज बारीक करायचा असेल, तर पहिलं कोणी का ऐकावं?

मॅडम, आम्ही गवळी-धनगर. आमचा वाडा अभयारण्यात येतो. वनहक्काचा अर्ज करायचा तर जुने कागद मागतात, आमच्याकडं कागदच नाहीत. आजी म्हणते, चार पिढ्या इथं झाल्या. कुठं शोधायचं? — एक तरुण, ता. खानापूर

बाळा, आधी कायदा नीट धरून घे. २००६ चा वनहक्क कायदा अभयारण्यालाही लागू आहे. आपल्याकडं गवळी-धनगर अनुसूचित जमातीत नाहीत, म्हणून तुम्ही 'इतर पारंपरिक वननिवासी' मध्ये येता. तुम्हाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. हिशोब कर, १९३० च्या डिसेंबरच्या मागं जायचं आहे.

"कागद नाहीत तर अर्ज नाही" असं कोणी म्हणालं तर घाबरू नको. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे आणि त्यात दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हाही पुरावा आहे. वंशावळ चालते. जुनी विहीर, बांध, दफनाची जागा, देवाचं ठिकाण चालतं. एकाहून जास्त पुरावे लागतात, एवढंच. २०१२ च्या दुरुस्तीनं तर स्पष्ट सांगितलंय की अमुकच प्रकारचा कागद आणा, असा हट्ट वरच्या समित्यांना धरता येत नाही. हा नियम कन्नडात छापून खिशात ठेव, कचेरीत मराठी प्रत पुढं केलीस तर बोलणं भाषेवरच अडकून पडेल. वैयक्तिक दाव्याबरोबर चराईचा, पाण्याचा सामूहिक दावाही ग्रामसभेतून घाला. तुमचं जगणं म्हशींवर आहे, एकट्या घराच्या जागेनं भागणार नाही.

सुरुवात आजीपासून कर, आणि ती या पावसाळ्याच्या आत. तिच्या सासूचं माहेर, कोणत्या साली कुठल्या ओढ्याकाठी कूड होता, कोण कुठं पुरलं, देवाला पहिला शेंदूर कोणी लावला, हे सगळं तिच्या शब्दांत लिहून घे. शुद्ध मराठी करू नको. ती 'मानमोडी' म्हणाली तर 'मानमोडी'च लिही, कंसात साल घाल. जबाब मात्र तुझ्या घराबाहेरच्या माणसांचेही हवेत. तुमच्याकडून तूप घेणारी खालच्या गावातली म्हातारी कुणबी माणसं शोध. तीस वर्षांपूर्वी तुझ्याच समाजातल्या एका आजोबांनी मला देवाचा दगड दाखवला होता. "कागद तुमच्याकडं असंल बाई, पर ह्या दगडाला शेंदूर आमच्या आज्यानं लावलाय," म्हणाले. मी तेव्हा फक्त फोटो काढला, जबाब लिहून घेतला नाही. तो फोटो आता पुरावा म्हणून लंगडा आहे. तू ही चूक करू नको.

कागदांत चराई शोध. तुमच्या लोकांची घरं लिहिताना सरकारचा हात आखडला, पण म्हशींची फी घेताना आखडला नाही. चराईच्या पावत्या, गुरांच्या याद्या, दंडाच्या पावत्या. दंड झाला म्हणजे माणूस तिथं होता.

तू पत्रात ज्या ओढ्याचं नाव लिहिलंस तो माझ्या ओळखीचा आहे. आजोबांच्या त्याच बाडात, त्या पंचनाम्याखाली, त्याच सालची चराईची यादी आहे, त्याच ओढ्याच्या नावानं. अक्षरही आजोबांचंच. अकरा गवळी, त्यांच्यापुढं म्हशींचा आकडा आणि घेतलेले आणे. पंचनाम्याची आणि यादीची अशा दोन्ही छायाप्रती, बाळबोध लिप्यंतरासह आणि माझ्या सहीच्या जबाबासह, मी संपादकांकडं ठेवल्या आहेत. पंचनामा तुमच्या विरोधात जातो हे मला ठाऊक आहे, पण यादीशेजारी ठेवलास की तो स्वतःलाच खोटा पाडतो. त्यामुळं दोन्ही एकत्रच दाखल कर. यादीत माणसांची नुसती पहिली नावं आहेत, आडनाव किंवा कूळ नाही. कोण कोणाचा आजा, ते आजीपुढं एकेक नाव वाचून विचार, आणि ती बोलत असताना मध्ये थांबवू नको.